पोट्ट्याची कुल्फी

कुल्फीचे साचे घ्यायला मी गोल बाजारात गेले तेव्हा भांडीवाल्यानं विचारलं, "दीदी, धंधा शुरू कर रही हो क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, कुत्ते के लिए." त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग साच्यांकडे, आणि मुकाट्यानं ते जुन्या पेपरात गुंडाळून दिले. घासाघीस करायची माझी पूर्ण तयारी होती, पण त्यानं आपणहूनच भाव उतरवला. बहुधा माझी दया आली असावी.

आमच्या घरात तेव्हा तिघंच होतो. बाबा, मी आणि कुत्रा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, लग्नाच्या भानगडीत मी पडले नव्हते. भनपुरीला ट्रक उभे राहतात तिथून बाबांनी एका हिवाळ्यात ते पिल्लू स्वेटरच्या आत घालून आणलं होतं. आणताना मला म्हणाले होते, "दोन दिवस ठेवू, मग पाहू." ते पाहणं कधी झालंच नाही. मी त्याला एक नाव दिलं होतं, पण बाबा त्याला पोट्टाच म्हणत. मी पोट्टी आणि तो पोट्टा. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पोट्टी म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, म्हणून मीही तक्रार केली नाही.

पोट्टा म्हातारा झाला आणि रायपूरचा उन्हाळा त्याला झेपेनासा झाला. होळी झाली की इथली फरशी दुपारी पायाला चटके देते. कूलरसमोरची जागा बाबांची, आणि बाबांच्या पायाशी त्याची. तरी त्याची जीभ आत जायची नाही. भाताला तोंड लावेना, कोंबडीच्या रश्श्याला हुंगून मान फिरवी. एकदा मी टरबूज कापत होते, म्हणजे तुमच्याकडचं कलिंगड, तर एक फोड हातातून पडली आणि ती त्याने खाल्ली. फ्रीजमधली गार फोड होती. मग मी त्याच्यासमोर बसून अर्धं टरबूज भरवलं आणि मला वाटलं, सापडला उपाय.

तिथून त्या कुल्फीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. मी मोबाइलवर वाचलं, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आणखी वाचलं. टरबुजाच्या सगळ्या बिया काढायच्या, काळ्याही आणि पांढऱ्याही. पपई पिकलेली हवी. केळं थोडंच. दही ताजं, आंबट नको. साखर नाही, मीठ नाही, आणि द्राक्ष तर घरातच आणायचं नाही, ते कुत्र्याला विष. सकाळी उठून मी हे सगळं घुसळायची, साच्यांत ओतायची, झाकणं लावून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि सिलतऱ्याची बस पकडायची. तिथल्या एका लोखंडाच्या कारखान्याच्या ऑफिसात मी नोकरीला. दुपारपर्यंत कुल्फी जमायची. बाबा साचा दोन्ही तळव्यांत धरून फिरवत, कुल्फी ताटलीत सुटे, आणि पोट्टा ती पुढच्या दोन पायांत पकडून चाटत बसे. हे काम मी बाबांना शिकवलं होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं. रिटायर झालेल्या माणसाला दुपारी कोणीतरी वाट पाहणारं असलं की बरं वाटतं.

फक्त एकदा आमचं वाजलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मिश्रणात साखर टाकली.

"अवं, थोडीशी गोड असली तं का होते?" बाबा म्हणाले.

"बाबा, मले विचारल्याशिवाय ह्याच्यात दाणा नाही टाकायचा. काहीच नाही. समजलं का?"

राग माझ्या नाकावर असतो, तो मी आईकडून घेतला आहे. बाबा त्या रागाला आयुष्यभर सरावलेले. "हव," म्हणाले आणि साखरेचा डबा फळीवर ठेवून दिला. छत्तीसगडी हव. वाद मिटवायचा असला की ते मराठी सोडून हव म्हणायचे.

बाबा रेल्वेत होते. खांद्यावर हातोडा घेऊन रूळ जागेवर धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत रोज मैलोन्‌मैल चालायचं, हे त्यांचं काम. मे महिन्यात दोन्हीकडून रूळ तापलेले, खाली खडी तापलेली, वर झाड नाही. आई रोज सकाळी त्यांच्या रुमालाच्या टोकाला एक कांदा बांधून द्यायची आणि तो खिशात कोंबायची. खिशात कांदा असला की लू लागत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. विदर्भातून आम्ही इकडे येताना जे काही आणलं त्यात हेही आलं, आणि इकडच्या लोकांकडे ते आधीपासूनच होतं. घरी आल्यावर आई कांद्याचा रस काढून त्यांच्या तळपायांना चोळायची. जेवणात बुक्कीनं फोडलेला कांदा असायचाच. बाबांचा एक सोबती ऐन दुपारी रुळावरच कोसळला आणि गेला. ती गोष्ट सांगताना बाबा शेवटी नेहमी एकच वाक्य म्हणत, "त्या दिवशी त्याच्या खिशात कांदा नव्हता."

आई गेल्यावर बाबा स्वतःच कांदा खिशात ठेवू लागले. घरात बसूनसुद्धा. खुंटीवरच्या सदऱ्याचा एक खिसा कायम फुगलेला असे, आणि सदरा धुवायला घेण्याआधी तो कांदा काढून कट्ट्यावर ठेवायचा, ही माझी सवय. मला त्याचं हसू यायचं आणि कधीकधी रडूही. कारण तो कांदा म्हणजे आईच होती, एवढं कळायला काही फार शिकावं लागत नाही.

एप्रिलच्या शेवटी पोट्टा जास्तच थकला. जिना चढेना. चालताना मधेच बसे आणि आपण का बसलो हे विसरल्यासारखा आमच्याकडे पाही. त्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या. लघवी काळपट, चहाच्या रंगाची. मी रजा टाकून त्याला रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, शांत, हिंदीत बोलणारी. तिनं रक्त काढलं आणि म्हणाली, रक्त फार कमी झालं आहे, गोचिडाचा ताप असू शकतो, औषध सुरू करू. मग विचारलं, "प्याज-लहसुन तो नहीं खिलाते न? इनका खून तोड़ देता है."

मी छाती पुढे काढून सांगितलं, "नहीं मैडम. मैं सब खुद बनाती हूँ. सिर्फ फल और दही."

ती म्हणाली, फार छान. काही खात नसेल तर तेच द्या, भरपूर द्या.

म्हणून मी कुल्फ्या वाढवल्या. गोल बाजारातून आणखी साचे आणले. सकाळी एकेक झाकण लावताना मला बरं वाटे, निदान काहीतरी करते आहे असं वाटे. पोट्टा रोज थोडा आणखी खचत होता आणि मी रोज थोडी आणखी पपई चिरत होते. औषधानं गुण येत नव्हता. ऑफिसातून मी बाबांना फोन करायची. "खाल्ली का?" "खाल्ली, दोन्ही खाल्ल्या." "उठला का?" त्यावर बाबा म्हणत, "ऊन लागलं त्याले, बाई. ऊनच आहे हे. पण तू फिकीर नको करू, मी आहो ना."

ते मी आहो ना मला फार धीराचं वाटायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, ट्रान्सफॉर्मर उडाला. सकाळीच लाइट गेली, ती दुपार टळली तरी येईना. कूलर बंद, पंखे बंद. बाबा ओला पंचा छातीवर टाकून आतल्या खोलीत पडले होते, पोट्टा मोरीच्या ओल्या फरशीवर. फ्रीजखालून पाणी वाहू लागलं तेव्हा मी फ्रीजर उघडला. आदल्या दिवशी लावलेल्या कुल्फ्या वितळल्या होत्या, झाकणांतून गुलाबी पाणी गळत होतं. फेकण्यापेक्षा पातेल्यात काढू, लाइट आली की परत लावू, असा विचार करून मी पहिलं झाकण फिरवलं.

वास आला. मला वाटलं भाजीच्या टोपलीचा असेल. मी साचा नाकाजवळ नेला. मग दुसरा उघडला, मग तिसरा. टरबुजाच्या आणि दह्याच्या खालून कच्च्या कांद्याचा उग्र वास. कुल्फी गोठलेली असताना तो कधी आला नव्हता. तो वितळल्यावरच यायचा, आणि आमच्या घरी कुल्फी वितळेपर्यंत कधी राहिली नव्हती.

मी तिथेच, फ्रीजच्या उघड्या दाराशी, फतकल मारून बसले. कोणाला काही विचारायची गरजच नव्हती. समोर खुंटीवर बाबांचा सदरा होता आणि त्याचा खिसा फुगलेला होता.

तरी विचारलं. बाबा उठल्यावर मी चहा केला, कप त्यांच्या हातात दिला आणि विचारलं.

"टाकतो ना," बाबा म्हणाले. अगदी खुशीत. "तू गेली का मी झाकणं काढतो. कांदा किसतो, फडक्यातून पिळतो, एकेक चमचा टाकतो. होळीपासून टाकून राहिलो. आता त्याले जास्तच ऊन लागून राहिलं, तं दोन-दोन चमचे टाकतो."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू टाकू दिला असता का? तू तं साखरेवरून भांडली." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "अवं, म्हणूनच तं उभा आहे तो अजून."

दारात उभं राहून मी डॉक्टरला फोन लावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. थोडा थोडा पण रोज, तेच वाईट, म्हणाली. आजपासून बंद करा, शरीर नवं रक्त बनवतं का पाहू, पण वय झालं आहे, मी काही वचन देत नाही. फोन ठेवून मी आत आले आणि सरळ सांगितलं, "बाबा, कुत्र्याले कांदा विष आहे. त्यानंच त्याचं रक्त कमी होऊन राहिलं."

बाबा हसले. रागावले नाहीत, चिडले नाहीत, लहान पोरीनं काहीतरी वेड्यासारखं बोलावं तसे हसले. "ती डॉक्टरीण पोट्टी आहे. एसीत बसते. तिनं कधी पटरीवरचं ऊन पाह्यलं का? कांद्यानं कोणी मरते का, बाई? कांद्यानं माणूस जगते."

"माणूस जगते, बाबा. कुत्रा नाही."

"त्याले का वेगळं रक्त आहे?"

वेगळंच आहे म्हणून मी सांगत होते आणि ते ऐकत होते, पण चाळीस वर्षं त्यांच्या खिशानं त्यांना जे सांगितलं होतं त्याच्यापुढे माझा मोबाइल आणि माझी डॉक्टरीण किती टिकणार? मी घरातले सगळे कांदे पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनला देऊन टाकले. कँटीनवाल्यानं विचारलं, दीदी, घर में शादी कैंसिल हो गई क्या. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

बिनकांद्याचं घर करून मी निर्धास्त झाले, हा माझा भोळेपणा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर पोट्टा कूलरसमोर पडून आपले पंजे चाटत होता. बऱ्याच दिवसांनी तो काहीतरी आवडीनं चाटताना दिसला म्हणून मी आनंदानं खाली वाकले, आणि वास आला. चारही तळव्यांना चोळलेला होता. आई बाबांना चोळायची तसा. शेजारच्या दीदीला विचारलं तर ती कुंपणापलीकडून बिचारी म्हणाली, "बाबा मांगिस, त दे देंव." तिची काय चूक? कांदाच तर मागितला होता, कोणीही दिला असता.

"तोंडातून दिला नाही मी," बाबा म्हणाले. "तू नाही म्हटलं ना. पायालेच लावला."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. "तो चाटते, बाबा! तुम्ही मारून टाकून राहिले त्याले!"

शेजारचा टीव्ही बंद झाल्यासारखं वाटलं. बाबा हळूच म्हणाले, "बरं." हव नाही म्हणाले. उठले, वाटीभर पाणी आणलं, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून पोट्ट्याचे चारही पाय धुतले, बोटांच्या फटींतून सुद्धा. मी मदत करायला गेले तर हातानं थांब म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कांद्याला हात लावला नाही. स्वतःच्या खिशातही परत ठेवला नाही. सकाळी मी साचे भरत असले की ते ओट्याजवळ येतच नसत, दूर खुर्चीवर बसत, आपल्यावर वहीम आहे हे माहीत असलेल्या माणसासारखे. मी मुद्दाम म्हणायची, "बाबा, जरा झाकणं लावून देता का?" ते म्हणायचे, "तूच लाव."

पोट्टा चार दिवस बरा वाटला. हिरड्यांवर थोडा गुलाबीपणा आला, एकदा दारापर्यंत जाऊन भुंकलासुद्धा. मी डॉक्टरला फोन करून सांगितलं, ती म्हणाली देखते हैं. मग नवतपा लागला. मे संपता संपता इथे नऊ दिवस असे येतात की पाखरंही खाली बसत नाहीत. त्यातल्या एका दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "बाई, ये."

मी पोचले तेव्हा तो बाबांच्या पायाशी होता आणि समोर ताटलीत अख्खी कुल्फी वितळून पाणी झाली होती. टरबुजाचं आणि दह्याचं. तिला दुसरा कसलाच वास नव्हता.

परसात शेवग्याच्या झाडाखाली आम्ही त्याला पुरलं. कडक जमीन, माझ्यानं खणवेना. बाबांनी पाण्यानं भिजवून भिजवून खणली, मी माती ओढली. नंतर त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. शेवटची ओळ अर्धीच राहिली. मी त्यांच्या बाजूला उभी होते आणि मला त्यांना धरताही येईना.

संध्याकाळी दोघं अंगणात खाट टाकून बसलो. चहा निवून गेला. बाबा शेवग्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "कांदा होता तोवर टिकला तो."

मी निवलेला कप खाली ठेवला.

"बंद केला अन् आठवड्यात गेला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पण तुले माहीत नव्हतं, बाई. तू डॉक्टरीणीचं ऐकलं. तुह्या जागी कोणी असतं तं तेच केलं असतं. मनाले लावून घेऊ नको. मी तुह्यावर रागावलो नाही."

त्यांनी मला माफ केलं.

मला सगळं पुन्हा हिशोब मांडून सांगता आलं असतं. फार नाही, दोन-तीन वाक्यं पुरली असती. होळीपासून एकेक चमचा, मग दोन-दोन चमचे. बाबा कमअक्कल नाहीत, एकदा नीट कळलं असतं तर पूर्ण कळलं असतं. आणि मग त्या माणसाने काय केलं असतं? ऐंशीच्या वयात, एकट्यानं दुपारी घरात बसून, त्या रिकाम्या फरशीकडे पाहत? मी ओरडल्यावर पोट्ट्याचे पाय धुतानाचा त्यांचा चेहरा मला आठवला. मला त्यांचा राग येत होता, खूप येत होता. पोट्टा माझाही होता. आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचंही होतं. यातलं एकही मला नीट करता येत नव्हतं. मी फक्त म्हटलं, "हो बाबा, मले माहीत नव्हतं."

"जाऊ दे," ते म्हणाले आणि माझा थंड चहा स्वतःच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर सवयीनं पपई काढली. मग परत ठेवली. साचे धुवून ओट्यावर पालथे घातलेले होते, बाबांनी घातले असणार. डबा भरला, पर्स घेतली, दारात चपला घालू लागले. बाबा आतून आले. हातात आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा होता, त्याच्या टोकाला गाठ. शेजारून कांदा मागून आणला होता.

"तू तरी ठेव," ते म्हणाले. "सिलतऱ्याले लय ऊन आहे."

मी पर्सची चेन उघडली. त्यांनी आपल्या हातानं तो आत, डब्याच्या बाजूला, नीट बसवला.

"ठेवते, बाबा," मी म्हणाले, आणि बस पकडायला निघाले.